अडीनडीचं सोनं: ठाण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोनेतारण कर्जासाठी आलेले डाग, म्हणजे दागिने, तपासून त्यांची किंमत ठरवण्याचं काम मी ठाण्यात बरीच वर्षं करतो आहे. भाव चढला की काउंटरपलीकडून येणारे प्रश्नही वाढतात. एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव पहिल्यांदा एक लाखाला टेकला, तेव्हापासून तर रोज कुणी ना कुणी विचारतंच. ज्यांच्या घरात सोनं आहे त्यांना ते आता मोडावं का असं वाटतं. ज्यांच्याकडे नाही त्यांना आपण मागे राहिलो असं वाटतं. दोघांना मी जे सांगतो ते इथे लिहून ठेवलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. सोनं वाईट दिवसांसाठी असतं, आणि त्या दिवशी हातात किती पैसे येतील हे बरंचसं ते कसं घेतलं होतं यावर ठरतं. भाव आपल्या हातात नाही. शुद्धता, पावती, घडणावळ आणि डाग कुणाचा आहे, हे सगळं आपल्या हातात आहे.

काळ बिघडला की सोनं महाग का होतं?

बँकेतली मुदत ठेव म्हणजे बँकेचं आपल्याला असलेलं देणं. कर्जरोखा म्हणजे कंपनीचं किंवा सरकारचं देणं. नोटेवरसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही आणि वचन असतं. सोन्यामागे असं कुणी देणेकरी नाही, त्यामुळे कुणी बुडालं म्हणून सोनं बुडत नाही. लोकांचा वचनांवरचा विश्वास डळमळला की ते सोन्याकडे वळतात, कारण तिथे कुणाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

दुसरं कारण पुरवठ्याचं. माणसाने आजवर खाणीतून काढलेलं सोनं साधारण दोन लाख टनांहून थोडं जास्त आहे. दरवर्षी त्यात दोन टक्क्यांचीही भर पडत नाही. मागणी वाढली म्हणून छापखाना जोरात चालवावा तसं खाणीतून सोनं काढता येत नाही.

अलीकडच्या तेजीत मोठा हात मध्यवर्ती बँकांचा आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर पाश्चिमात्य देशांनी रशियाची परकीय गंगाजळी गोठवली. परदेशी बँकेत डॉलर किंवा युरोत ठेवलेली रक्कम एका निर्णयाने अडकू शकते, हे बाकीच्या देशांनी पाहिलं. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून दर वर्षी हजार टनांच्या वर सोनं घेतलं. आपली रिझर्व्ह बँकही त्यात होती: मार्च २०२४ अखेर तिच्याकडे ८२२.१० टन सोनं होतं, मार्च २०२५ अखेर ८७९.५८ टन. शिवाय २०२३-२४ मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेल्या सोन्यातलं शंभरएक टन तिने भारतात आणलं. आपली वस्तू आपल्या कपाटात असावी, हा विचार देशालाही सुचतो.

१९९१ मध्ये देशाने सोनं गहाण ठेवलं होतं, ते खरं का?

खरं आहे, आणि प्रत्येक घराने ती गोष्ट नीट समजून घ्यावी असं मला वाटतं.

आखाती युद्धाने तेल महागलं, परदेशातून येणारा पैसा आटला आणि १९९१ च्या मध्यावर देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं परत विकत घेण्याच्या बोलीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला देऊन सुमारे २० कोटी डॉलर उभे केले. मग जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं विमानाने इंग्लंडला गेलं आणि बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारे ४० कोटी डॉलरचं कर्ज मिळालं. देशाची अब्रू गेली अशी तेव्हा लोकांची भावना होती. पण देणी थकली नाहीत. पुढे ते कर्ज फिटलं, आणि २००९ मध्ये याच देशाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनं ६.७ अब्ज डॉलरना विकत घेतलं.

यात सोन्याने केलेलं काम बघा. त्याने देशाला श्रीमंत केलं नाही. कुणी उधार द्यायला तयार नव्हतं तेव्हा थोडा वेळ मिळवून दिला, आणि त्या वेळात घडी बसवता आली. घरातल्या सोन्याचं कामही हेच. २०२० च्या टाळेबंदीत वागळे इस्टेटमधले लहान कारखानदार कामगारांचे पगार द्यायला घरातल्या पाटल्या-बांगड्या तारण ठेवत होते. ज्यांनी कर्ज लहान ठेवलं आणि काम सुरू होताच फेडायला घेतलं, त्यांचे डाग परत घरी गेले.

सोन्याचा भाव कधी पडत नाही, असं म्हणतात ना?

पडतो, आणि चांगला पडतो. जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात औंसाला ८५० डॉलर भाव झाला होता. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. १९९९ मध्ये तो २५० डॉलरच्या आसपास आला, आणि ८५० पुन्हा दिसायला २००८ साल उजाडावं लागलं. एप्रिल २०१३ मध्ये शुक्रवार आणि सोमवार अशा लागोपाठच्या दोन व्यवहारांत भाव सुमारे १३ टक्के कोसळला.

आपल्याला हे फारसं आठवत नाही, कारण आपण सोनं रुपयांत मोजतो. १९८० मध्ये डॉलर सुमारे ८ रुपयांचा होता, १९९९ मध्ये सुमारे ४३ रुपयांचा. डॉलरमध्ये सोनं पडत होतं तेव्हा रुपया त्याहून जोरात पडत होता, म्हणून आपल्या सराफांच्या पाटीवर भाव चढताच दिसला. २०१३ मध्येही तेच झालं. त्या वर्षी डॉलरमधला भाव चतुर्थांशाहून जास्त उतरला, पण रुपया घसरला, सरकारने आयात शुल्क १० टक्क्यांपर्यंत नेलं आणि आपल्याकडची घसरण बरीच झाकली गेली.

तरी रुपयांतही सोनं वर्षानुवर्षं झोपतं. २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा सरासरी भाव ३१,००० च्या आसपास होता आणि २०१८ मध्येही ३१,००० च्याच आसपास. सहा वर्षांत किराणा, शाळेची फी, घोडबंदर रोडवरची घरभाडी सगळं वाढलं, सोनं तिथेच. २०२५ च्या तेजीवरून हिशोब मांडणाऱ्यांनी ही सहा वर्षंही धरावीत.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. संकटाच्या पहिल्या धक्क्यात सोनंही पडतं. २००८ च्या मार्चमध्ये हजार डॉलरला गेलेलं सोनं त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सातशेच्या घरात आलं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीने शेअर बाजार कोसळला, तेव्हा काही दिवस सोनंही खाली आलं. सगळ्यांनाच रोकड हवी असते आणि जे पटकन विकलं जातं ते आधी विकलं जातं. त्यानंतर काही महिन्यांनी सोनं नव्या उंचीवर गेलं. म्हणून मी म्हणतो, उद्या सकाळी लागणारा पैसा सोन्यात नसावा.

डॉलरचा माझ्या मंगळसूत्राशी काय संबंध?

आपल्या देशात सोनं फारसं निघत नाही. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या, जवळपास सगळं सोनं बाहेरून येतं. त्यामुळे ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या सराफाच्या पाटीवरचा भाव म्हणजे जागतिक भाव, गुणिले डॉलरचा दर, अधिक आयात शुल्क. त्यावर ३ टक्के जीएसटी बिलात वेगळा येतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा जगात काही न घडता आपल्याकडे भाव एका दिवसात हजारो रुपयांनी उतरला होता.

दागिना घ्यावा, वेढणी घ्यावी की नाणं?

घालायला हवा असेल तर दागिना घ्या, आनंदाने घ्या. ठेवायला हवं असेल तर वेढणी, म्हणजे चोख सोन्याचं साधं वळं, किंवा नाणं. दोन्ही कारणं एकाच डागात कोंबली की नुकसान होतं. हे आकड्यांतच बघू. भाव रोज बदलतो, म्हणून सोपे गोल आकडे धरले आहेत.

समजा २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ९,००० रुपये आहे आणि तुम्ही दहा ग्रॅमची साखळी घेतली. सोन्याचे झाले ९०,०००. घडणावळ १२ टक्के, म्हणजे १०,८००. त्यावर जीएसटी ३,०२४. बिल १,०३,८२४ रुपयांचं. दुसऱ्या दिवशी तीच साखळी मोडायला गेलात तर घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाही, वर सराफ दोन टक्के घट धरतो. हातात ८८,२०० येतात. पंधरा हजारांच्या वर गेले. बिलाएवढी रक्कम परत यायला सोन्याचा भाव जवळपास १८ टक्क्यांनी चढावा लागेल. नक्षीकाम, टेंपल ज्वेलरी, कुंदन यांची घडणावळ याहून बरीच जास्त असते.

आता एक लाखाची २४ कॅरेटची वेढणी घ्या. मजुरी एखादा टक्का, त्यावर जीएसटी, बिल १,०४,००० च्या आसपास. मोडताना एक टक्का कापला तरी ९९,००० हातात. नुकसान पाचएक टक्के. आमच्या आधीची पिढी गुरुपुष्यामृताला, पाडव्याला, दसऱ्याला ग्रॅम-दोन ग्रॅमची वेढणी घेऊन डबीत ठेवायची आणि लग्न ठरलं की सोनाराकडे नेऊन त्याचे डाग घडवायची. ती रीत हिशोबाने पक्की होती.

एक सावधगिरी मात्र हवी. सोनेतारण कर्ज दागिन्यांवर मिळतं. नाणी ५० ग्रॅमपर्यंतच चालतात. वेढणी, बिस्कीट, लगड यांवर बँक कर्ज देत नाही. म्हणून अडीनडीसाठी सगळंच वेढणीत नको. साध्या घडणीच्या पाटल्या, बांगड्या, गोठ असे कमी घडणावळीचे आणि बिनखड्याचे काही डाग घरात असावेत. खडे, मोती, मीना, लाख यांचं वजन आम्ही किंमत ठरवताना वजा करतो. ठुशी किंवा पोकळ बोरमाळ हातात जड वाटली तरी आतली लाख काढल्यावर सोनं किती हे बघून घरातल्या मंडळींचा चेहरा उतरतो. विकत घेतानाच निव्वळ सोन्याचं वजन पावतीवर वेगळं लिहून घ्या.

हॉलमार्कमध्ये नेमकं काय बघायचं?

तीन खुणा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोणी लोगो, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. २२ कॅरेटवर ९१६ असतं, १८ वर ७५०, १४ वर ५८५. एचयूआयडी प्रत्येक डागाचा वेगळा असतो. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला की डागाचा प्रकार, शुद्धता आणि सराफाची नोंदणी दिसते. दुकानात बसल्या बसल्या तपासा, चांगला सराफ त्याने रागावत नाही. अॅपवर बांगडी दिसते आणि हातात कानातलं आहे, असं झालं तर उठा.

जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना सक्ती नाही. लिहिलेल्या शुद्धतेपेक्षा सोनं कमी निघालं, तर कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागण्याचा हक्क नियमांनी दिला आहे. पावती नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो. पावतीशिवाय जीएसटी वाचवून देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

जुन्या डागावर केडीएम लिहिलंय. म्हणजे चोख सोनं ना?

नाही. केडीएम म्हणजे टाका मारताना, म्हणजे डागाचे सांधे जोडताना, कॅडमियम वापरलं होतं एवढंच. कॅडमियमचा धूर कारागिरांना घातक असल्याने बीआयएसने त्यावर बंदी घातली. तो शिक्का शुद्धतेची हमी देत नाही.

सराफाकडची भिशी सुरक्षित असते का?

दर महिन्याला हप्ता भरायचा, अकरा महिन्यांनी दागिना घ्यायचा, एखादा हप्ता पेढी भरते किंवा घडणावळीत सूट देते. योजना अकरा महिन्यांची असते, कारण मालासाठी घेतलेले आगाऊ पैसे कंपनीने ३६५ दिवसांत मालात वळवले नाहीत तर कायद्याने ती ठेव ठरते.

या योजनेत तुमच्याकडे सोनं नसतं, पेढीचं वचन असतं. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, भिशीला कसलाही नाही. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर डोंबिवली-ठाणे भागात एका पेढीची दुकानं अचानक बंद झाली आणि लग्नासाठी हप्ते भरणारी शेकडो कुटुंबं पोलीस ठाण्याबाहेर उभी राहिली. अनिश्चित काळाची भीती म्हणून सोनं घ्यायचं आणि त्यासाठी कुणाच्या तरी शब्दावर वर्षभर पैसे सोडायचे, हे मला पटत नाही. हप्त्याची शिस्त हवी असेल तर तेवढेच पैसे बँकेच्या आवर्ती ठेवीत टाका आणि वर्षाखेरीस रोखीने घासाघीस करा. घडणावळीत सूट तिथेही मिळते.

सुवर्णरोखे, ईटीएफ, डिजिटल सोनं यांतलं काय चांगलं?

सरकारी सुवर्णरोखे माझ्या मते सर्वांत चांगले होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाले. आठ वर्षांची मुदत, सोन्याच्या भावाची वाढ, वर दर वर्षी अडीच ते पावणेतीन टक्के व्याज. पहिली मालिका २,६८४ रुपये ग्रॅमने निघाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत घेतली गेली. पण सरकारला ते महाग पडले आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आली नाही. जुने रोखे शेअर बाजारात विकत मिळतात. ते घेण्याआधी दुसऱ्या हाती घेतलेल्या रोख्यांचे कराचे नियम सीएला विचारा.

ईटीएफ म्हणजे शेअर बाजारात विकत मिळणारे सोन्याचे फंड, ते आपल्याकडे २००७ पासून आहेत. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचं नियंत्रण आहे, तिजोरीत प्रत्यक्ष सोनं ठेवलेलं असतं, घडणावळ नाही, चोराची भीती नाही. डिमॅट खातं असलेल्या आणि घालायला सोनं नको असलेल्या माणसाने सरळ ईटीएफ घ्यावा.

मोबाइलवर दहा रुपयांपासून मिळणारं डिजिटल सोनं मात्र सेबीच्या किंवा रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणात येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीने लोकांना तसं सावधही केलं आहे. मुलांनी गंमत म्हणून शे-पाचशे टाकले तर ठीक, पण आयुष्याची पुंजी तिथे नको.

पैशांची गरज आहे. सोनं मोडू की गहाण ठेवू?

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: पैसे परत कुठून येणार आहेत? उत्तर ठरलेलं असेल, म्हणजे थकलेलं बिल येणार आहे, बोनस आहे, कोळीवाड्यातल्या घरात पावसाळ्यातली बंदी उठून होड्या पुन्हा समुद्रात जाणार आहेत, तर गहाण ठेवा. उत्तर नसेल तर मोडलेलं बरं. नोकरी गेली आहे, दुसरी दिसत नाही आणि घरखर्चासाठी कर्ज काढायचं आहे, अशा वेळी व्याज चढत जातं आणि शेवटी लिलाव होतो. स्वतः मोडलं तर निदान चार पेढ्यांत विचारून आपल्या भावाने मोडता येतं.

गहाण ठेवायचं ठरलं तर १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेले रिझर्व्ह बँकेचे नियम माहीत असू द्या. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जासाठी सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, अडीच ते पाच लाखांसाठी ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. किंमत धरताना मागच्या तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवशीचा भाव यांपैकी जो कमी तो धरतात. तपासणी तुमच्यासमोर व्हायला हवी. वजन, शुद्धता, खड्यांची वजावट हे सगळं लिहिलेला दाखला मागून घ्या, तो देणं बंधनकारक आहे. कर्ज फेडल्यावर सात कामकाजी दिवसांत डाग परत मिळाले नाहीत आणि चूक कर्ज देणाऱ्याची असेल, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. लिलाव करायचा तर आधी नोटीस द्यावी लागते आणि देणं वळतं करून उरलेले पैसे तुमचे असतात.

मिळतं तेवढं सगळं कर्ज उचलू नका, हे मी समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगतो. भाव चढलेला असताना ८५ टक्के उचललं आणि भाव उतरला, की बँक आणखी डाग किंवा पैसे मागते. निम्मं उचललं तर शांत झोप लागते.

लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे निश्चिंत?

बऱ्याच अंशी. पण चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पट एवढीच आहे. भाडं ३,००० असेल तर तीन लाख. पूर, भूकंप अशा आपत्तींत तीही नाही. २६ जुलै २००५ पाहिलेल्या ठाणे-कळव्याच्या माणसाने लॉकर तळघरात आहे की वरच्या मजल्यावर, हे बघूनच शाखा निवडावी. लॉकरला वारस नोंदवा, आणि आत काय आहे त्याची छायाचित्रं व वजनांची यादी घरी ठेवा.

घरात जास्तीत जास्त किती सोनं ठेवता येतं? सरकार घेऊन जाईल का?

कुठून आलं ते दाखवता येत असेल तर मर्यादा नाही. विवाहित स्त्री ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्री २५० आणि पुरुष १०० ग्रॅम हे आकडे १९९४ च्या प्राप्तिकर विभागाच्या सूचनेतले आहेत. छापा पडला तरी एवढे दागिने जप्त करू नयेत, असं त्यात म्हटलं आहे.

ही भीती उगाच आलेली नाही. चीन युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. चौदा कॅरेटवरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि हजारो सोनारांच्या घरातली शेगडी विझली. १९६८ मध्ये त्याचा कायदाच झाला. तो रद्द झाला १९९० मध्ये, आपल्या कोकणातून निवडून आलेले मधु दंडवते अर्थमंत्री असताना. घरातल्या आजींना अजून ते दिवस आठवतात, म्हणून त्या पावत्या जपून ठेवतात.

मोडताना कर लागतो का?

लागतो, नफ्यावर. २३ जुलै २०२४ नंतर दोन वर्षांहून जास्त जवळ असलेलं सोनं विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के. दोन वर्षांच्या आत विकलं तर नफा तुमच्या उत्पन्नात धरून. वारशाने आलेल्या सोन्याला आई-आजीने घेतलेली किंमत आणि तेव्हापासूनचा काळ धरतात. १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर त्या दिवशीचा भाव धरता येतो. खरेदीत दोन लाखांवर पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम सराफाला रोख घेता येत नाही.

सगळी बचतच सोन्यात ठेवली तर?

नको. सोनं व्याज देत नाही, भाडं देत नाही. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत, घरातल्या सगळ्यांचा आरोग्यविमा, मग बाकीचं. माझ्या हिशोबाने बचतीचा दहावा भाग, फार तर सातवा भाग सोन्यात असावा, आणि त्यात अंगावरचे डाग धरूच नयेत, कारण मंगळसूत्र मोडायला कुणी सहज तयार होत नाही.

पण सोनं अजिबात नको म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. मुंबई-ठाण्यातल्या किती घरांत त्या महिन्यात औषधं आणि फी कपाटातल्या सोन्याने भागवली, हे आमच्यासारख्या काउंटरवर बसणाऱ्यांनी पाहिलं आहे. ठेवींवरचा विमा तेव्हा एक लाखाचा होता, फेब्रुवारी २०२० मध्ये तो पाच लाख झाला. एका बँकेत सगळं नको आणि एका वस्तूतही सगळं नको.

मुलीचं लग्न दोन-तीन वर्षांवर आहे. आता घेऊ की भाव उतरायची वाट बघू?

इथे मात्र मी थांबा म्हणत नाही. तुम्हाला शेवटी सोनंच लागणार आहे, रुपये नाहीत. दहा तोळे घालायचे ठरले असतील तर दर तिमाहीला एक तोळा घ्या, वेढणी किंवा ईटीएफ. भाव चढला तर आधीचं स्वस्त पडलं, उतरला तर पुढचं स्वस्त पडेल. शेवटच्या महिन्यात सगळं एकदम घेणारा माणूस त्या दिवशीच्या भावाच्या तावडीत सापडतो. तोळा म्हणजे किती, हे पेढीवर आधी विचारून घ्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्ली बहुतेक ठिकाणी दहा ग्रॅमला तोळा म्हणतात.

आणि भाव फार वाढला असेल तर पाच तोळ्यांत लग्न करा. कर्ज काढून घातलेलं सोनं मुलीच्या नव्हे, सावकाराच्या अंगावर असतं.

बायकोचे दागिने नवरा परस्पर गहाण ठेवू शकतो का?

कायद्याने नाही. लग्नात माहेर-सासरकडून तिला मिळालेलं सोनं तिचं स्त्रीधन आहे, ती त्याची एकटी मालक. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे स्वच्छ सांगितलं आणि त्यानंतरही सांगितलं आहे. मी शक्य तिथे बाईंना स्वतः यायला सांगतो, त्यांच्याशी बोलतो, त्यांची सही त्यांच्या समजुतीने झाली आहे ना ते बघतो. पावत्या तिच्या नावाने असाव्यात, लॉकर निदान दोघांच्या नावाने असावा आणि किल्ली कुठे आहे हे तिला ठाऊक असावं.

सासूबाईंचे जुने डाग आहेत. हॉलमार्क नाही, पावती नाही. त्यांचं काय करू?

घाबरू नका, ते बेकायदा नाहीत. हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे, तुमच्यावर नाही. बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात थोडं शुल्क भरून शुद्धता तपासून घेता येते. यंत्राची तपासणी वरच्या थराचीच असते, म्हणून टाक्याच्या जागी आणि दोन-तीन ठिकाणी घ्यायला सांगा. जुने डाग बहुधा वीस-एकवीस कॅरेटचे निघतात, काही त्याहून चांगले. अहवाल हातात घेऊन दोन-तीन पेढ्यांत भाव विचारा. वितळवायचे असतील तर तुमच्यासमोर वितळवून आधी आणि नंतरचं वजन लिहून घ्या. पण चपलाकंठी, जुना साज, चांगल्या हाताची मोहनमाळ असं काही असेल तर वितळवू नका. तशी घडण करणारे कारागीर आता कमी राहिले आहेत, आणि मोडीत त्या कामाचे काहीच पैसे मिळत नाहीत.